बाहेर जाण्याचे दार मोफतच असले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली चौदा वर्षे मी पुण्यात क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या, सॉफ्टवेअरच्या स्क्रीन आखण्याचे काम करते. कोणते बटण कुठे असावे, कोणता मजकूर कधी दिसावा, फुकट वापरणाऱ्याला किती द्यावे आणि त्याच्याकडे पैसे केव्हा मागावेत, हे ठरवण्यात माझे दिवस जातात. आमच्या धंद्यात याला यूएक्स डिझाइन म्हणतात. गेल्या दोन वर्षांपासून मी आमच्या ४८ सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची मानद खजिनदारही आहे. या दोन कामांचा एकमेकांशी कधी संबंध येईल असे मला वाटले नव्हते. यंदाच्या एप्रिलमध्ये तो आला, आणि त्यातून जे उमगले ते आपल्या वाचकांसमोर ठेवावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आमच्या आधीच्या खजिनदारकाकांनी चार वर्षांपूर्वी संस्थेचे हिशेब वह्यांमधून काढून एका क्लाउड सॉफ्टवेअरवर नेले. नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. सॉफ्टवेअर फुकट होते आणि खरोखरच चांगले होते. देखभाल शुल्काची बिले आपोआप निघत, थकबाकी लाल अक्षरांत दिसे आणि सभासदांना पावती मोबाइलवर जाई. चार वर्षांच्या नोंदी, आधी काकांनी आणि मग मी, निष्ठेने भरल्या. यंदा फेब्रुवारीत कंपनीचा एक इंग्रजी ईमेल आला, त्यात ‘आम्ही आमच्या योजना अधिक सोप्या करीत आहोत’ अशा अर्थाचे काही होते, आणि तो कोणी शेवटपर्यंत वाचला नाही. एप्रिलमध्ये लेखापरीक्षकांनी खतावणी मागितली तेव्हा पाहिले, तर नोंद करता येत होती, जुनी नोंद पाहताही येत होती. पण ‘डाउनलोड’च्या बटणावर एक छोटेसे कुलूप आले होते. ४० सदनिकांहून मोठ्या संस्थांसाठी ही सोय आता फक्त सशुल्क योजनेत होती.

रक्कम फार नव्हती. समितीने ती दिलीही असती. परंतु गृहनिर्माण संस्थेचा पैसा खर्च करायचा तर आधी व्यवस्थापक समितीचा ठराव लागतो, मग धनादेशावर दोन सह्या लागतात; आणि त्या सॉफ्टवेअरला पैसे हवे होते क्रेडिट कार्डाने, तेही एका वर्षाचे एकरकमी. संस्थेच्या नावाने क्रेडिट कार्ड असते, अशी कल्पना करणाऱ्या माणसाने आमची समिती पाहिलेली नाही. लेखापरीक्षण लांबवता येत नव्हते, कारण वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते आणि तीत तपासलेले हिशेब ठेवावे लागतात. शेवटी दोन रविवार मी लॅपटॉपवर एका बाजूला ती स्क्रीन आणि दुसऱ्या बाजूला एक्सेल उघडून आमचेच आकडे हाताने उतरवून काढले.

उतरवताना मला राग आला, पण तो कंपनीचा नव्हता. ते कुलूप कोणी लावले असेल हे मला नेमके ठाऊक होते. माझ्यासारख्याच कोणीतरी ते लावले होते; कुठल्याशा बैठकीत ‘लोकांना सर्वांत जास्त अडचण कुठे होईल’ असा प्रश्न आला असेल आणि कोणीतरी फळ्यावर ‘एक्स्पोर्ट’ (माहिती बाहेर काढून नेणे) असे लिहिले असेल. अशा बैठकांना मी बसलेली आहे.

या धंद्याचे गणित वाचकांना ठाऊक असावे म्हणून थोडक्यात सांगते. ‘फ्रीमियम’ हा शब्द २००६ मध्ये अमेरिकेतील गुंतवणूकदार फ्रेड विल्सन यांच्या लिखाणातून रूढ झाला. ‘फ्री’ आणि ‘प्रीमियम’ यांचा तो सांधा आहे. मूळ सेवा सर्वांना फुकट द्यायची, तिची सवय आणि तोंडी प्रसिद्धी यांवर माणसे जमवायची, आणि त्यांतील ज्या थोड्यांना अधिक हवे असेल त्यांच्याकडून पैसे घ्यायचे, असा हा व्यवहार. पैसे देणारे शंभरांत फारच थोडे असतात आणि उरलेल्यांचा भार तेच उचलतात. म्हणून फुकट योजना ही काही मेहेरबानी नसते; तो जाहिरातीचाच खर्च असतो, फक्त तो वर्तमानपत्राच्या पानावर न होता सर्व्हरवर होतो. यात लबाडी काहीच नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पगार द्यावा लागतो, सर्व्हरचे भाडे दर महिन्याला येते, आणि ‘इंटरनेटवरचे सगळे फुकटच असले पाहिजे’ ही आपल्याकडची समजूत मला मुळीच मान्य नाही. प्रश्न इतकाच आहे की, फुकट आणि सशुल्क यांच्यातील भिंत नेमकी कुठे बांधायची आणि ती कोणाला केव्हा दिसू द्यायची. हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा वाटला तरी प्रत्यक्षात तो आम्हा डिझायनरांच्या टेबलावर सुटतो.

चांगल्या भिंतीचे उदाहरण म्हणून मी नवीन मुलांना अजूनही ड्रॉपबॉक्स या इंटरनेटवर फाइली ठेवण्याच्या सेवेची सुरुवातीची वर्षे सांगते. २००८ मध्ये ही सेवा खुली झाली तेव्हा फुकट खात्याला २ जीबी जागा मिळे. कोणाला बोलावून आणले, तर बोलावणारा आणि येणारा अशा दोघांनाही थोडी जागा जास्त मिळे; २०१२ पासून ती प्रत्येकी ५०० एमबी झाली आणि बोलावणाऱ्याला अशी १६ जीबीपर्यंत जागा कमावता येऊ लागली. बक्षीस म्हणून कूपन नाही, सोडत नाही. जी वस्तू वापरायला माणूस आला, तीच थोडी अधिक. शिवाय मर्यादा कशाची आहे हे सांगावे लागत नसे. डबा भरत आला की भरत आलेला दिसतो. जो जास्त ठेवतो त्याला जास्त गरज, आणि त्याच्याकडून पैसे मागणे न्याय्य, हे कोणत्याही किराणा दुकानदाराला पटेल. पुढे २०१९ च्या मार्चमध्ये त्याच कंपनीने फुकट खात्यांवर फक्त ३ उपकरणे जोडण्याची मर्यादा घातली, तेव्हा मात्र ते साधे समीकरण थोडे विस्कटले. चौथा फोन जोडल्याने कंपनीचा खर्च फारसा वाढत नाही. वाढते ती फक्त वापरणाऱ्याची अडचण.

झूमची ४० मिनिटे आता महाराष्ट्रात घराघरांत माहीत आहेत. टाळेबंदीत भजनी मंडळांपासून बारशांपर्यंत सर्वांनी ती अनुभवली. पस्तिसाव्या मिनिटाला आरती आटोपती घेणारे गुरुजीही मी पाहिले आहेत. ही मर्यादा मला व्यक्तिशः प्रामाणिक वाटते. ती आधी सांगितलेली असते, घड्याळ सर्वांनाच दिसते, आणि सभा तुटली तरी कोणाचे काही हरवत नाही. पुन्हा जोडता येते. परंतु २०२० च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील थँक्सगिव्हिंगच्या सणाला झूमने ही मर्यादा एका दिवसापुरती उठवली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. म्हणजे एकेचाळिसाव्या मिनिटाला यंत्र थकत नव्हते. आकडा कोणीतरी निवडलेला होता. फुकट योजनेतील बहुतेक मर्यादा अशाच निवडलेल्या असतात, आणि निवडलेली गोष्ट अमुक तऱ्हेने का निवडली, असे विचारण्याचा वापरणाऱ्याला हक्क आहे.

निवड बदलली की काय होते, ते कार्यालयांतील गप्पांसाठी वापरल्या जाणाऱ्या स्लॅकमध्ये पाहता येते. तेथे पूर्वी फुकट योजनेत शेवटचे १०,००० संदेश दिसत. सप्टेंबर २०२२ पासून संख्येऐवजी काळाची अट आली आणि फक्त शेवटच्या ९० दिवसांचे संदेश दिसू लागले. वरवर पाहता ही आकड्यांची अदलाबदल आहे. दिवसाला शेकडो संदेश टाकणाऱ्या गजबजलेल्या कंपनीला नवी अट कदाचित सोयीचीच ठरली असेल. पण महिन्याला पन्नास संदेश टाकणारी एखादी छोटी संस्था, जिचे पाच वर्षांचे बोलणे दहा हजारांत आरामात मावत होते, तिचा जवळजवळ सगळा इतिहास एका रात्रीत पडद्याआड गेला. तरी पडद्याआड म्हणजे निदान शिल्लक होता. पैसे भरले की परत दिसे. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस तेही बदलले आणि फुकट खात्यांतील एक वर्षाहून जुना मजकूर पुसला जाऊ लागला. लपवणे आणि पुसणे यांच्यात मोठा फरक आहे, आणि तो फरक करताना दोन्ही वेळा स्क्रीनवर दिसणारी सूचनेची पट्टी मात्र जवळपास तितक्याच उंचीची असते.

या उलट, टिपणे ठेवण्याच्या एव्हरनोटने २०२३ च्या डिसेंबरात फुकट वापरणाऱ्यांना फक्त ५० टिपणे आणि एक वही, अशी फारच कडक मर्यादा घातली, तेव्हा ओरड पुष्कळ झाली. ती योग्यही होती. पण ज्यांची टिपणे आधीच पन्नासांहून अधिक होती त्यांना ती पाहता, बदलता आणि बाहेर काढून नेता येत होती; फक्त नवीन भर घालता येत नव्हती. म्हणजे भाडेकरूला पुढच्या महिन्यापासून खोली देणार नाही म्हटले, पण त्याची ट्रंक अडवून ठेवली नाही. धंद्याच्या दृष्टीने तो निर्णय बरा की वाईट, हे मला ठाऊक नाही. डिझाइनच्या दृष्टीने मी त्याला आमच्या त्या कुलपाच्या कितीतरी वर ठेवीन.

वाचकांपैकी बहुतेकांच्या हातात असलेले उदाहरण मात्र गूगलचे आहे, आणि ते जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण त्यात मर्यादा कडक करण्याची चांगली आणि वाईट अशा दोन्ही रीती एकत्र दिसतात. २०१५ मध्ये गूगल फोटोज आले ते ‘थोड्या कमी दर्जाचे, पण हवे तितके फोटो फुकट’ असे सांगत. १ जून २०२१ पासून ते बंद झाले आणि नवे फोटो जीमेलशी सामाईक असलेल्या १५ जीबीच्या जागेत मोजले जाऊ लागले. बदल कटू होता, परंतु तो सहा महिन्यांहून आधी जाहीर केला गेला, आणि त्या तारखेपूर्वी त्या सवलतीत ठेवलेले फोटो मोजणीत धरले नाहीत. जुन्या शब्दाला जागणे म्हणतात ते हेच. पुढे २०२४ मध्ये अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्याच १५ जीबीमध्ये मोजला जाऊ लागला. आता होते असे की, नातेवाइकांच्या गटांतून रोज येणारी ‘शुभ सकाळ’ची सूर्यफुले, लग्नांचे व्हिडिओ आणि सत्यनारायणाच्या पूजेचे फोटो मिळून ती जागा भरते, आणि ती भरली की जीमेलमध्ये पत्र जातही नाही आणि येतही नाही. माझ्या सासूबाईंना पेन्शनसंबंधीचा बँकेचा ईमेल आला नाही, याचे कारण सूर्यफुले हे होते, हे त्यांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. जागा सामाईक ठेवणे समजू शकते. पण टपालपेटी बंद पडण्याचा इशारा फोटोंच्या शेजारी, बारीक अक्षरात, ‘स्टोरेज’ या शब्दाखाली द्यायचा, ही मांडणी सत्तर वर्षांच्या माणसासाठी केलेली नाही. फोटो भरले तर नवे फोटो थांबावेत आणि पत्रे येत राहावीत, इतका साधा क्रम लावणे अशक्य आहे असे मला वाटत नाही.

आता थोडे आमच्या बाजूचे. यूएक्स डिझायनर हा वापरणाऱ्याचा वकील असतो, असे आम्हाला शिकवले जाते. पण आमचे काम मोजले जाते ते दुसऱ्याच मापाने. या तिमाहीत फुकटातून सशुल्कात किती जण गेले, याला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात, आणि तो आकडा भिंतीवरच्या टीव्हीवर सतत झळकत असतो. किती जण शांतपणे, आपले सामान घेऊन, समाधानाने निघून गेले, हा आकडा मी आजवर एकाही टीव्हीवर पाहिलेला नाही. जे मोजले जाते तेच सुधारते, मग त्यासाठी काहीही करावे लागो. पूर्वीच्या एका नोकरीत सशुल्क योजना नाकारण्याच्या बटणावर मी ‘नको, मी गैरसोय सोसेन’ अशा अर्थाचे वाक्य लिहिले होते. अर्ध्या लोकांना ते आणि अर्ध्यांना साधे ‘नको’ दाखवून तुलना केली, तेव्हा माझे वाक्य जिंकले, आणि संध्याकाळी केक कापला गेला. नंतर काही महिन्यांनी मदतकक्षाकडे आलेल्या तक्रारी वाचताना एका वयस्कर शिक्षकांचे पत्र दिसले. त्यांनी विचारले होते, की मी पैसे दिले नाहीत म्हणून तुम्ही माझी थट्टा का करता? त्या पत्राला उत्तर लिहिण्याची जबाबदारी माझी नव्हती. म्हणून मी ते लिहिलेही नाही, याची खंत आहे.

या प्रकारांना २०१० मध्ये हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने ‘डार्क पॅटर्न’ असे नाव दिले, आणि आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांवर मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांतील १३ प्रकार वाचताना मला आमच्या धंद्यातील अनेक बैठकांचे इतिवृत्तच वाचत असल्यासारखे वाटले. नकार देणाऱ्याला लाज वाटायला लावणे त्यात आहे, वारंवार टोचत राहणे आहे. सॉफ्टवेअरच्या वर्गणीचे बिल हा तर स्वतंत्र प्रकारच आहे: मोफत चाचणीचा काळ संपून पैसे लागू होताना न कळवणे, नूतनीकरणाच्या वेळी गुपचूप रक्कम वळती करणे. फुकट वर्गणीसाठी आधी कार्डाचा तपशील मागणे हेही वर्गणीच्या सापळ्यात धरले आहे, हे फार थोड्या कंपन्यांनी मनावर घेतलेले दिसते. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ च्या ऑक्टोबरपासून आवर्ती, म्हणजे ठरावीक मुदतीने आपोआप होणाऱ्या, वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी सूचना बंधनकारक केली आणि मोठ्या रकमेसाठी पुन्हा पडताळणी मागितली. २०२२ पासून ही सीमा सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांची आहे. त्या एका सूचनेने, माझ्या मते, शंभर चांगल्या डिझायनरांपेक्षा जास्त काम केले आहे. आमच्यापैकी अनेकांना तिचा राग येतो, हेच तिचे यश.

परंतु हे सगळे नियम पैशांच्या वाटेवर उभे आहेत. आमच्या संस्थेच्या बाबतीत कोणी पैसे चोरले नाहीत, गुपचूप वळते केले नाहीत, सापळाही लावला नाही. फक्त आमचेच हिशेब आम्हाला नेता येईनात. त्या १३ प्रकारांत यासाठी वेगळी जागा नाही. ग्राहक कायद्यातील ग्राहक हा मुळात मोबदला देणारा असल्याने, फुकट वापरणारा ग्राहक ठरतो की नाही यावरच वकिलांना वाद घालायला वाव राहतो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचे २०१९ चे विधेयक आले होते, त्यात आपली माहिती एका सेवेतून उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि २०२३ मध्ये जो कायदा संमत झाला त्यात तो हक्क उरला नाही. उरला असता तरी तो व्यक्तीचा असता, गृहनिर्माण संस्थेचा, शाळेचा किंवा वाचनालयाचा नव्हे. युरोपात व्यक्तींना असा हक्क २०१८ पासून आहेच, शिवाय १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या तेथील डेटा कायद्याने क्लाउड सेवा बदलू इच्छिणाऱ्या संस्थांनाही आपली माहिती घेऊन जाण्याची वाट मोकळी करून दिली आहे, आणि या स्थलांतराचे शुल्क जानेवारी २०२७ पासून पूर्णपणे बंद होणार आहे. आपल्याकडे इतकी गुंतागुंत नको असेल तर एकच ओळ पुरे: वापरणाऱ्याने स्वतः भरलेली माहिती, ज्या दिवशी तो मागेल त्या दिवशी, वाचता येईल अशा स्वरूपात, पैसे न घेता द्यावी.

‘वाचता येईल अशा स्वरूपात’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. मराठी वापरणाऱ्यांचा अनुभव यात वेगळा आणि वाईट आहे. अनेक सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्स्पोर्ट’ असतो, तो दाबला की एक सीएसव्ही, म्हणजे रकान्यांतील माहिती साध्या मजकुरात ठेवणारी, फाइल उतरते, आणि ती एक्सेलमध्ये उघडली की सभासदांच्या नावांऐवजी परग्रहावरून आल्यासारखी चिन्हे दिसतात. माणूस समजतो की माहिती खराब झाली. ती खराब झालेली नसते; फाइलच्या सुरुवातीला ‘हा मजकूर युनिकोडमध्ये (सर्व लिपींसाठीच्या अक्षर-संकेतात) आहे’ असे सांगणारी तीन बाइटची खूण घालायची राहिलेली असते, आणि तीअभावी एक्सेल चुकीचा तर्क करते. घालायला एक ओळ पुरते. ती घातली जात नाही, कारण तपासणाऱ्याने नावांच्या रकान्यात कधी देवनागरी भरूनच पाहिलेली नसते. पीडीएफची तऱ्हा अशी की जोडाक्षरे सुटी होतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. असा एक्स्पोर्ट फुकट दिला काय आणि विकत दिला काय, सारखेच.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना यावर एक आक्षेप सुचेल, तो मीच मांडते. बाहेर जाणे इतके सोपे केले, तर कोणी पैसे का देईल? मला वाटते, जो अडकला म्हणून पैसे देतो तो पहिल्या संधीला निघून जातो आणि जाताना चार जणांना सांगून जातो. पैसे मागायला खरी कारणे भरपूर आहेत. आमच्या सॉफ्टवेअरने बँकेच्या खात्याशी जुळवणी करून दिली असती, थकबाकीदारांना मराठीत नोटिसा पाठवल्या असत्या, दोन सह्यांच्या मंजुरीची सोय दिली असती, आणि वर्गणी धनादेशाने किंवा संस्थेच्या बँक खात्यातून घेतली असती, तर मी स्वतः समितीपुढे ठराव मांडला असता. या सोयींना कुलूप लावा, खुशाल लावा, आणि ते आधीच दिसेल असे लावा. मला चीड येते ती साध्या दिसणाऱ्या बटणाची, जे दाबल्यावर लांबलचक अर्ज भरून घेतला जातो आणि अगदी शेवटच्या पायरीवर सांगितले जाते की ही सोय सशुल्क आहे. पंगतीला बसवायचे, पान वाढायचे, आणि पहिला घास उचलताना पत्रावळीचे पैसे मागायचे, असला हा पाहुणचार.

शिवाय वेळ कोणती साधावी, हेही डिझाइनच आहे. महिन्याची बिले यशस्वीपणे निघाल्यावर ‘पुढच्या महिन्यात ही आपोआप पाठवायची का?’ असे विचारले तर माणूस विचार करतो. बिले काढण्याच्या मध्यावर, रात्री अकरा वाजता, संपूर्ण स्क्रीन झाकून तेच विचारले तर तो फक्त खिडकी बंद करण्याची फुली शोधतो. फुली फिकट राखाडी रंगाची असते. ती फिकट का असते, हेही मला माहीत आहे.

राज्यातील हजारो गृहनिर्माण संस्था, शाळा, ग्रंथालये आणि बचत गट सध्या वह्यांवरून क्लाउडवर जात आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची सुरुवात फुकट योजनेपासूनच होणार आहे. त्यांनी घाबरून वह्यांकडे परत जावे, असे मी मुळीच म्हणत नाही. ग्राहक व्यवहार खात्याने माहिती अडवून ठेवण्याला मार्गदर्शक तत्त्वांमध्ये चौदावा प्रकार म्हणून जागा द्यावी, आणि सहकार खात्याने संस्थांसाठी सॉफ्टवेअर निवडताना पाहायच्या गोष्टींचे एक पानभर पत्रक मराठीत काढावे, या माझ्या दोन मागण्या आहेत.

तोवर आम्ही आमच्यापुरता एक उपाय केला. जूनमध्ये नवे सॉफ्टवेअर निवडायला बसलो तेव्हा किंमत आणि सोयी पाहण्याआधी चार उत्पादनांत प्रत्येकी तीन खोटे सभासद मराठी नावांनी भरले, त्यांच्या नावे दोन-दोन बिले काढली, आणि लगेच ती सगळी माहिती बाहेर काढून एक्सेलमध्ये उघडून पाहिली. एकाने त्यासाठी सशुल्क योजना घ्यायला सांगितले, दुसऱ्याच्या फाइलमध्ये ‘क्षीरसागर’ हे आडनाव ओळखू येत नव्हते. उरलेल्या दोनांपैकी एकाला आम्ही आता ठरावानिशी, दोन सह्यांच्या धनादेशाने, वर्षाची वर्गणी भरली आहे.

आपली विश्वासू,
एक यूएक्स डिझायनर व मानद खजिनदार,
कोथरूड, पुणे